पल्सर २२०: आधी इंजेक्शन, मग कार्बोरेटर, मग पुन्हा इंजेक्शन

सेनगावच्या एका श्रोत्यानं व्हॉइस नोट पाठवली. त्याच्या मामाकडं २००८ ची पल्सर २२० आहे, मागं 'डीटीएस-एफआय' लिहिलेली. दोन वर्षं शेडमध्ये, खताच्या गोण्यांमागं उभी होती. मामानं ती आता भाच्याला देऊन टाकली. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, इंजेक्शनची भानगड काढून टाकू, कार्बोरेटर बसवू, मोकळा होशील. दोस्त म्हणतात, वेडा आहेस का, ओरिजिनल पीस आहे, हात लावू नको. आता याला पाहिजे एका शब्दात उत्तर: कार्ब की इंजेक्शन?

एका शब्दात नाही देता येणार भावा. पण हा प्रश्न फार मानाचा आहे. जुन्या जॅग्वार, कॉर्व्हेट, मर्सिडीज सांभाळणारी पैसेवाली माणसं जगभर यावर तासन्‌तास भांडतात. आपल्याकडं क्लासिक स्पोर्ट्स कार कुणाच्या अंगणात असणार? मी शाळेत असताना हिंगोलीत ज्या गाडीच्या आवाजानं मान वळायची, ती दोनच चाकांची होती. तेव्हा आपल्यापुरती स्पोर्ट्स कार म्हणजे पल्सर २२० असं धरू.

या गाडीचा इतिहास विचित्र आहे. साधारणपणे तंत्रज्ञान जुन्याकडून नव्याकडं जातं. ही गाडी २००७ मध्ये इंजेक्शन घेऊन आली. २००९ मध्ये कंपनीनं ते काढून कार्बोरेटर लावला. आणि २०२० मध्ये पुन्हा इंजेक्शन आलं. एकाच नावाची गाडी, तीन वेळा निर्णय. का, ते बघू.

आधी यंत्र समजून घेऊ, दोनच मिनिटं.

डास मारायचा जुना पंप आठवतो का? पुढं डबी, मागं दांडा. दांडा ढकलला की हवा एका बारीक नळीच्या तोंडावरून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि डबीतलं औषध आपोआप वर ओढलं जाऊन फवारा होतो. कार्बोरेटर म्हणजे हाच पंप. फरक एवढाच, की हवा आपण ढकलत नाही, इंजिन ओढतं. हवा निमुळत्या जागेतून जाताना खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातून वर खेचते. वाटी रिकामी होऊ नये म्हणून फ्लोट, म्हणजे आपल्या पाण्याच्या टाकीतला गोळाच. बस्स. ना वायर, ना बॅटरी.

आणि आता पाठीवरचा फवारणीचा पंप आठवा, हळदीवर, सोयाबीनवर मारतो तो. त्यात आधी दाब तयार होतो आणि नोझलमधून औषध बाहेर ढकललं जातं. हवेच्या ओढीशी संबंध नाही. खटका दाबला की सुरू, सोडला की बंद. इंजेक्शन ते हेच. टाकीतला इलेक्ट्रिक पंप पेट्रोलला साधारण तीन बारचा दाब देतो आणि इंजेक्टर नावाचा व्हॉल्व्ह काही मिलिसेकंद उघडून मिटतो. किती मिलिसेकंद, ते ईसीयू ठरवतो.

ईसीयूच्या आत काय असतं? माझ्या धंद्यातल्या लोकांना सांगतो, एक टेबल असतं. एका बाजूला इंजिनचे फेरे, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती उघडलाय. दोन्ही जिथं मिळतात त्या खान्यातला आकडा उचलायचा, हवेच्या आणि इंजिनच्या तापमानाप्रमाणं थोडा वर-खाली करायचा, तेवढा वेळ इंजेक्टर उघडायचा. कार्बोरेटरमध्येही हेच टेबल असतं, फक्त ते पितळेत कोरलेलं असतं: जेटचं भोक, सुईची निमुळती धार, स्लाइडची काप. पितळ मे महिन्यात आणि डिसेंबरमध्ये सारखंच वागतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर, डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास. थंड हवा दाट, तिच्यात ऑक्सिजन जास्त, पण जेट तेवढाच. म्हणून मिश्रण पातळ पडतं, त्यात थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढायचा, म्हणून सकाळी सहाला गल्लीत ती दहा मिनिटांची घरघर. उलट महाबळेश्वरला गेलात की हवा विरळ, पेट्रोल जास्त, गाडी जड.

मग इंजेक्शन चांगलं, विषय संपला? थांबा.

इंजेक्शन काही काल आलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात जी लढाई झाली, तिच्यात हा वाद जिवावर बेतला होता. जर्मन मेसरश्मिट विमानांच्या इंजिनात इंजेक्शन होतं. ब्रिटिश स्पिटफायर आणि हरिकेनच्या मर्लिन इंजिनात कार्बोरेटर. पाठलाग करताना जर्मन वैमानिक नाक झपकन खाली करून सूर मारायचा. मागच्या ब्रिटिश वैमानिकानं तसंच केलं की वाटीतलं पेट्रोल उसळून वर जायचं आणि इंजिन गचके खायचं, कधी बंद पडायचं. शत्रू पसार.

यावर तोडगा काढला बिअॅट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी. या बाई मोटरसायकल रेसर होत्या, ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांच्या वर लॅप मारलेल्या. त्यांनी बनवलं काय, तर मधोमध नेमकं भोक असलेली एक छोटी चकती. इंजिनाला लागतं त्यापेक्षा जास्त पेट्रोल तिच्यातून जाऊच शकत नाही, त्यामुळं पूर येणं थांबलं. १९४१ मध्ये ही चकती तळावर जाऊन, विमान कारखान्यात न नेता बसवता आली. दुखणं पूर्ण बरं झालं नाही, पण वैमानिक वाचले. माझ्या डोक्यात कार्बोरेटर म्हटलं की ही चकती येते. तंत्र दुय्यम होतं, पण पाना घेऊन कुठंही सुधारता येत होतं.

युद्धानंतर इंजेक्शन गाड्यांत आलं. मर्सिडीजची १९५२ ची रेसची ३०० एसएल कार्बोरेटरवर १७० हॉर्सपॉवरच्या आसपास देत होती. १९५४ मध्ये तीच गाडी, पंखासारखे दरवाजे असलेली, रस्त्यासाठी विकायला आली तेव्हा बॉशचं यांत्रिक इंजेक्शन होतं आणि ताकद २१५ च्या आसपास. पण एक गंमत होती. चावी बंद केली तरी इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडत राहायचा. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरायचं. म्हणून ऑइल लवकर लवकर बदला.

आणि १९५७ ची शेव्हरोले कॉर्व्हेट. २८३ घनइंचांचं इंजिन, २८३ हॉर्सपॉवर, अशी जाहिरात. यांत्रिक इंजेक्शन. पण गावोगावच्या मेकॅनिकला ते उमजेना. बिघडलं की ते सरळ काढायचे आणि कार्बोरेटर बसवून द्यायचे. १९६५ नंतर कॉर्व्हेटनंही ते इंजेक्शन देणं बंद केलं. आज गंमत अशी, की तेव्हा काढून कोपऱ्यात फेकलेले ते इंजेक्शनचे संच शोधायला लोक जंग जंग पछाडतात, कारण ओरिजिनल संच असलेल्या गाडीची किंमत वेगळीच. सेनगावच्या मित्रा, ही गोष्ट लक्षात ठेव.

तर आता पुण्याकडं येऊ. २००१ मध्ये पल्सर आली, १५० आणि १८० सीसी. २००६ मध्ये हिरो होंडानं ग्लॅमर एफआय आणली, ती भारतातली पहिली इंजेक्शनवाली मोटरसायकल. पण १२५ सीसीच्या, ऑफिसला जायच्या गाडीत इंजेक्शन आहे हे कुणाला सांगून कॉलर टाइट होत नाही. २००७ मध्ये बजाजनं पल्सर २२० डीटीएस-एफआय आणली तेव्हा ती झाली. पुढं-मागं डिस्क, प्रोजेक्टर दिवा, ऑइल कूलर, २० च्या आसपास हॉर्सपॉवर, आणि किक नाहीच, फक्त बटण.

दोन वर्षांनी, २००९ मध्ये, तीच गाडी 'डीटीएस-आय' होऊन आली. नावातला एक 'एफ' गेला आणि इंजिनावर कार्बोरेटर आला. किंमत सुमारे ७० हजार, आधीच्यापेक्षा चांगलीच कमी. ताकद घटायला पाहिजे होती ना? ती वाढली, २१ च्या वर गेली. जाहिरातीत तिला 'फास्टेस्ट इंडियन' म्हटलं गेलं. ही कार्बोरेटरची जादू नाही हं, इंजिनाची जुळणी नव्यानं केली होती. पण कट्ट्यावर बसलेल्या पोरांना निष्कर्ष काढायला एवढं पुरेसं होतं: इंजेक्शन गेलं, गाडी स्वस्त झाली, वर जोरात पळते. मग इंजेक्शन कशाला?

आणि खरं सांगू, त्या वेळी हा निष्कर्ष चुकीचा नव्हता. २००५ पासून दुचाकींना बीएस टू लागू होतं, २०१० पासून बीएस थ्री. दोन्ही परीक्षा नीट जुळवलेला कार्बोरेटर पास करत होता. म्हणजे इंजेक्शन ही सक्ती नव्हती, हौस होती. ज्याची सक्ती नाही त्याचे जास्तीचे पैसे मराठवाड्यातला गिऱ्हाईक का देईल? त्यात गाडी घेताना आपला पहिला प्रश्न मायलेजचा आणि दुसरा, गावात दुरुस्त होते का? कळमनुरीच्या रस्त्यावर कार्बोरेटरच्या गाडीत कचरा अडकला तर एक स्क्रू ड्रायव्हर आणि जेटमध्ये मारायला एक फुंकर. अर्ध्या तासात मार्गी. इंजेक्शनच्या गाडीचा दिवा लुकलुकला तर? तो दिवा काय सांगतो हे वाचणारं यंत्र तेव्हा अधिकृत सर्व्हिस सेंटरला, म्हणजे शहरात.

मग २०२० मध्ये इंजेक्शन परत का आलं? लोकांचं मत बदललं म्हणून नाही. कायदा बदलला.

इथं कोर्टाचा हात किती मोठा आहे बघा. २९ एप्रिल १९९९ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातल्या मोटारींसाठी आदेश दिला: १ जूनपासून युरो वन, १ एप्रिल २००० पासून युरो टू. (त्याच आठवड्यात, १ मे १९९९ ला, परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा जन्माला आला. संबंध काही नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.) त्यानंतर मारुती ८०० सारख्या गाडीत एमपीएफआय ही अक्षरं दिसायला लागली. मुंबईत प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी मात्र कार्बोरेटरच्या जमान्यातलंच शरीर घेऊन फिरत राहिल्या, शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली.

दुसरा धक्का तुम्हाला आठवत असेल. २९ मार्च २०१७. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, १ एप्रिलपासून बीएस थ्री गाडी विकायची नाही. देशभरात आठ लाखांच्या वर गाड्या पडून, त्यातल्या साडेसहा लाखांहून जास्त दुचाकी. दोन दिवस शोरूमवर जत्रा. त्या एप्रिलपासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा कायम चालू ठेवणंही आलं. मग वर्षभर समोरून येणारा प्रत्येक जण हाताची बोटं उघडमीट करून सांगायचा, "ओ, लाइट चालू हाय!" त्या बीएस फोरमध्येही बहुतेक गाड्यांचे कार्बोरेटर तगले. १ एप्रिल २०२० च्या बीएस सिक्सनं खेळ संपवला, तोही ऐन लॉकडाऊनमध्ये.

कारण समजायला सोपं आहे. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, वजनानं, हे प्रमाण सांभाळलं तर सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतं. बीएस सिक्सला ते प्रमाण क्षणाक्षणाला सांभाळायला लागतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, ईसीयूला कळवतो, ईसीयू पुढचा फवारा कमी-जास्त करतो. पितळेला हे कोण कळवणार? पल्सर २२० एफला पुन्हा इंजेक्शन मिळालं आणि ताकद २१ वरून किंचित खाली आली. तरी कार्बोरेटर गुपचूप मेला नाही. प्लॅटिनासारख्या छोट्या गाडीत बीएस सिक्सनंतरही इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटर येऊन गेला. स्वस्तात भागतंय तोवर भागवायचं, हा हिशेब कंपनीचाही आणि आपलाही.

आता माझं मत, आणि यावर शिव्या पडल्या तरी चालतील.

"खेड्यातल्या मिस्त्रीला इंजेक्शन जमत नाही" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय आणि मला ते पटत नाही. का? वसमत, हिंगोली, कळमनुरी, कुठल्याही बाजाराच्या गावात फिरा, 'डिझेल पंप-नोझल' अशी पाटी दिसेल. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन पहिल्या दिवसापासून इंजेक्शनवरच चालतं. त्याला कार्बोरेटर कधी नव्हताच. आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या नोझल खोलतायत, टेस्टरच्या हँडपंपवर चढवतायत, दोनशे बारच्या आसपास नोझल फुटतं का बघतायत, फवारा धुक्यासारखा पडतो की धार लागते ते नुसत्या नजरेनं सांगतायत. त्या फवाऱ्यासमोर बोट धरायचं नाही, डिझेल कातडीत घुसतं, हे शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. नाशिकच्या मायकोच्या कारखान्यात बनलेली नोझल त्यांच्या हातांना पाठ आहेत. कार्बोरेटरपेक्षा कितीतरी बारीक काम हे.

म्हणजे अडलं ते इंजेक्शनपाशी नाही. अडलं ते टेबलापाशी. ट्रॅक्टरच्या जुन्या पंपाची सेटिंग स्क्रूवर होती, कार्बोरेटरचीही. मोटरसायकलच्या ईसीयूतलं टेबल बंद आहे. आत काय लिहिलंय ते मिस्त्रीला दिसत नाही, दिसलं तरी बदलता येत नाही. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस म्हणून मला यातली दोन्ही बाजू कळतात. कुणीही टेबलात खाडाखोड करायला लागला तर धुराचा कायदा कशाला? पण दिवा का लागला, कुठल्या सेन्सरची तक्रार आहे, हे वाचता येणं हा गाडीच्या मालकाचा हक्क असायला पाहिजे. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात वाहनं आहेत. आता स्कॅनरही बऱ्याच गॅरेजवर दिसतात, मोबाइलला ब्लूटूथनं जोडायचे. ज्या पोरानं मोबाइल दुरुस्ती शिकली, तो हे चार दिवसांत शिकतो.

तर सेनगावच्या दोस्ता, तुझं उत्तर.

आधी काहीच काढू नको. दोन वर्षं उभ्या गाडीचं पेट्रोल शिळं होऊन चिकट झालेलं असतं. टाकी रिकामी कर, आत गंज बघ, पंप आणि फिल्टर बघ, नवी बॅटरी लाव. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन सेकंद 'झुंऽऽ' असा आवाज आला तर पंप जिवंत आहे. मग इंजेक्टर साफ कर. एवढ्यावर सुरू झाली तर इंजेक्शन ठेव. तुझी गाडी त्या दोन वर्षांतली आहे, तशा पुन्हा बनणार नाहीत.

पंप किंवा ईसीयू मेला असेल आणि पार्ट शोधून मिळत नसेल, तर कार्बोरेटर बसवायला लाजू नको. गाडी चालली पाहिजे. पण नुसता कार्बोरेटर आणून भागणार नाही: कार्बोरेटरच्या २२० चा इनटेक, इग्निशनचा डबा, टाकीला पेट्रोल कॉक, सगळा संसार बदलतो. मिस्त्रीला हे आधी विचार, नाहीतर गाडी अर्धी खोलून राहील. आणि काढलेला प्रत्येक तुकडा, वायरिंगसकट, डब्यात भरून ठेव, वर चिठ्ठी लाव. कॉर्व्हेटवाल्यांनी फेकलं आणि त्यांचे नातू शोधत बसले.

एक अडचण दोघांनाही आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळं जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. कार्बोरेटर असेल तर जेट एक नंबर मोठा लागू शकतो, प्लगचा रंग बघून ठरव. पांढराफटक पडला तर पातळ चालतंय. इंजेक्शनला ऑक्सिजन सेन्सर असेल तर ते स्वतः जुळवून घेतं, नसेल तर तेही टेबलात लिहिलंय तेवढंच सोडणार. तुझ्या सायलेन्सरच्या बेंडवर वायर जाते का, खाली वाकून बघ. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेव. इथेनॉल पाणी ओढतं, पितळ आणि रबर खातं.

व्हिंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल तर सरकारी नियमात ५० वर्षं लागतात. तुझा नंबर २०५८ ला. तोवर पंधरा वर्षांनंतरचं पासिंग वेळेवर करत जा.

इंजेक्टर साफ कुठं करायचा, हेही विचारलंस. मागच्या दिवाळीत मी गावी आलो तेव्हा एका पंप-नोझलच्या दुकानात, रिकामा वेळ होता म्हणून, एक प्रयोग केला. बारा व्होल्टची बॅटरी, एक आर्डुइनो, दहा ओळींचा प्रोग्रॅम: तीन मिलिसेकंद उघड, वीस मिलिसेकंद थांब. भंगारातला मोटरसायकलचा इंजेक्टर, मागून साफ करायच्या स्प्रेचा डबा जोडलेला. हे सगळं बाहेर, उघड्यावर, बिडी ओढणाऱ्यांना लांब बसवून. इंजेक्टर टिकटिकायला लागला. मिस्त्रीकाकांनी आयुष्यात डिझेलच्या नोझलशिवाय दुसरं काही तपासलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला, फवारा उन्हासमोर धरला, दोनदा फिरवून बघितला आणि म्हणाले, "डाव्या अंगाचं एक भोक बुजलंय. आनखी मार दोन मिनिटं."